मी, माझी बाई आणि ती काळी ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवतात ती नव्हे, हाताने मूठ फिरवून चालवतात ती. वय वाढलं की मन मोठं होतं असं लोक म्हणतात, पण माझं काही झालेलं नाही. मला एकजणीचा हेवा वाटतो आणि तो मी इतकी वर्षं जपलाय की आता सोडायचा म्हटलं तरी सुटायचा नाही. ती म्हणजे समोरच्या भिंतीला टेकून बसलेली काळी लोखंडी ट्रंक. तिच्यावर झालर लावलेलं कापड अंथरलंय आणि त्यावर एक पितळी मानचिन्ह ठेवलंय. येणारा-जाणारा आधी तिच्याकडेच बघतो. ते झालरीचं कापडसुद्धा मीच शिवलंय, म्हणजे माझ्या जिवाचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, त्यावर चकचकीत काळा रंग, आणि अंगभर सोनेरी वेलबुट्टी. तपासणी करणाऱ्या कारागिराने माझ्याखाली एक चिंधी घालून पाहिली, ती उजेडात धरली आणि म्हणाला, "वा, सरळ चालते पोरगी." मला मिळालेली ती पहिली शाबासकी. पुढे किती मिळाल्या ते मोजायला फार वेळ लागत नाही.

दुकानातून मला एका आत्याने घेतलं, भाचीच्या लग्नासाठी. आत्या ठसक्याची होती. ती भाचीला म्हणाली, "भांडीकुंडी काय, सगळेच देतील. तू ही घे. तुझा नवरा फौजेत. आज इथं, उद्या तिथं. ही हाताशी असली ना, की चार भिंतींचं घर करायला तुला कुणाची वाट बघावी लागणार नाही." भाचीने माझ्या वेलबुट्टीवरून हळूच बोट फिरवलं. तीच माझी बाई. तिचं बोट लागलं आणि मी तिची झाले, ती आजतागायत.

मला वाटलं होतं, नव्या घरात मी मानाची. पण छावणीतल्या त्या पहिल्या क्वार्टरचं दार उघडलं तेव्हा खोलीतली सगळ्यात चांगली जागा आधीच गेली होती. खिडकीखाली, उजेडात, ही ट्रंक ऐसपैस बसलेली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. नाव अर्थात त्याचं, माझ्या बाईच्या नवऱ्याचं. मी त्याला मनातल्या मनात वर्दीवाला म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, चहा स्वतः करायचा. पण त्याने मला पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "अगंबाई, हे लोखंडाचं धूड कशाला आणलं?" मित्रांनो, जिच्या पोटात हिवाळी बूट कोंबलेले असतात ती ट्रंक नाजूक, आणि मी धूड!

त्या क्वार्टरच्या खिडक्या उंच होत्या. बाईने जाड निळं कापड आणलं आणि पडद्यांसाठी कात्री उचलली. शेजारी पलटणीच्या बँडमधल्या वादकाची बायको राहायची. तिला सगळे बँडीण म्हणत, आणि आवाजही तिचा तसाच होता. ती दारातूनच ओरडली, "थांब, थांब! कापू नकोस!"

"का हो, वहिनी? केवढा लांब होतोय बघा."

"होऊ दे लांब. दुमड आणि टीप मार. पुढच्या क्वार्टरच्या खिडक्या कुणी पाहिल्यात? इथं कापलास तर तिथं गुडघ्यापर्यंत येईल. फौजेतल्या बाईने पडदा कधी कापायचा नसतो बघ."

बाईने कात्री खाली ठेवली. पडदा खालून दुमडला आणि मी त्यावर त्या घरातली माझी पहिली टीप मारली. तेव्हापासून तो नेम झाला. बदलीचा हुकूम आला की बाई पडदे काढायची, टीप उसवायची, आणि नव्या घरी खिडकीच्या मापाने पुन्हा दुमडून माझ्याखाली घालायची. दोरा निघून जायचा, पण जाड कापडावर दोऱ्याचा पुसट वळ आणि सुईच्या भोकांची ओळ राहायची. प्रत्येक घराची एक ओळ. ट्रंकेवर म्हणे तिच्या प्रवासाचे शिक्के होते, तर माझ्याही प्रवासाच्या ओळी होत्या. फक्त त्या पडद्याच्या आतल्या बाजूला होत्या, त्यामुळे पाहुण्यांना दिसायच्या नाहीत.

घर लावणं हे काय काम असतं, ते मी तिच्या हाताखाली शिकले. सामान उतरलं की पहिल्या दिवशी चूल, दुसऱ्या दिवशी पडदे, आणि मग नळ गळतो का, दार लागतं का, शाळा कुठं, डॉक्टर कुठं. वर्दीवाला पहिल्याच सकाळी हजेरीला निघून जायचा. संध्याकाळी येऊन म्हणायचा, "वा! लागलं की घर!" जणू घर आपलं आपणच लागलं. बाई हसायची. मी नाही हसायचे.

मला सगळ्यात जास्त काय खुपायचं, सांगू? त्याची वर्दी. मी त्या घरात उशांचे अभ्रे शिवले, लेकीची झबली शिवली, गाद्यांच्या खोळी शिवल्या, बँडिणीच्या नवऱ्याच्या ढोलाला घालायचा बुरखासुद्धा शिवला. पण वर्दीवरची नावाची पट्टी उसवली की बाई मला झाकून ठेवायची आणि खिडकीशी बसून ती हाताने शिवायची. बारीक, जवळजवळ टाके घालत. एकदा बँडिणीने विचारलंच, "अगं, मशीन आहे ना घरात? क्षणात होईल."

"होईल हो. पण ते अंगावर घालून कुठं कुठं जातात. माझा हात लागलेला बरा."

हे ऐकून माझ्या मुठीपासून सुईपर्यंत आग झाली. मग माझ्यावर फिरायचा तो कुणाचा हात होता? आणि पट्टी शिवून झाली की ती वर्दी कुठं जायची? ट्रंकेत. बाई तिची घडी घालायची, वरून तळहात फिरवायची, झाकण लागलं नाही तर स्वतः त्यावर बसून कडी घालायची. मला तेल मिळायचं तेही आठवण झाली तर.

एक मात्र कबूल करायला हवं. प्रत्येक बदलीच्या वेळी ट्रकमध्ये जागा कमी पडायची आणि वर्दीवाला माझ्याकडे बोट दाखवायचा. "हिला ठेवू या का इथंच कुणाकडे?" बाई कमरेवर हात ठेवायची. "ती येणार नसेल तर मीही येत नाही. पडदे काय तुमची ट्रंक शिवणार आहे?" तेव्हा मी ट्रंकेकडे अशी बघायचे की काय सांगू. मग ट्रकमध्ये आम्हा दोघींना शेजारीशेजारी बांधायचे, आणि रस्ताभर ती माझ्यावर आपटत राहायची.

लेक चालायला लागली तोवर तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. बाबा गेले की ट्रंक जाते, आणि ट्रंक दारात आली की बाबा येतात. पलीकडच्या घरच्या मुलांना ती सांगायची, "माझे बाबा ट्रंकेत असतात." एकदा वर्दीवाला रजेवर आला तेव्हा तो मुद्दाम दाराआड लपला. लेकीने ट्रंकेच्या झाकणावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "बाबा, बाहेर या!" आणि तो मागून येऊन तिला उचलून घेऊन हसला. सगळं घर हसलं. तो खेळ मग दर रजेला व्हायचा. त्यातही मान तिचाच. माझ्यातून कधी कुणी बाहेर आलं नाही.

मग तो हुकूम आला. वर्दीवाल्याला फार दूर जायचं होतं, डोंगरातल्या चौकीवर, जिथं कुटुंब नेता येत नाही. मोठं क्वार्टर सोडावं लागलं. बाई आणि लेक एका खोलीत राहायला आल्या, बँडीण त्याच चाळीसारख्या रांगेत दोन दारं पुढे. ट्रंक गेली त्याच्याबरोबर. मला वाटलं, सुटले! आता खिडकीखालची जागा माझी. आणि खरंच, बाईने मला तिथं ठेवलं, वेलबुट्टी पुसली, तेल घातलं. मला आनंद व्हायला हवा होता.

त्या खोलीतलं तिचं जगणं मी उजेडात बसून पाहिलं. फ्यूज उडाला की स्टुलावर चढून तीच तार घालायची. नळ फुटला तेव्हा अर्धी खोली भिजली, तर लेकीला माझ्या पेटीवर बसवून तिने पाणी उपसलं. लेकीला ताप आला, शाळेतून बोलावणं आलं, छपराचा पत्रा वाजायला लागला, सगळं तिच्याच अंगावर. फोनवर मात्र ती म्हणायची, "इकडे सगळं मजेत आहे हो. तुम्ही काळजी करू नका." फोन ठेवला की माझ्यापुढे येऊन बसायची आणि शेजाऱ्यांचे कपडे शिवायला घ्यायची. भरभर, एकामागून एक.

एका दुपारी बँडीण समोर मटार सोलत बसली होती. बाई मूठ फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, "वहिनी, हसाल मला. पण मला त्या ट्रंकेचा हेवा वाटतो."

"कुठल्या? त्या काळ्या ट्रंकेचा?"

"हो. ती जाते त्यांच्याबरोबर. त्यांच्या उशाशी असते. मी आपली इथं. लोक म्हणतात पलटण ही आपली सवत. असू दे बाई, तिच्याशी कोण भांडणार. पण एक लोखंडाचा डबासुद्धा माझ्यापेक्षा नशीबवान?"

बँडीण हसायला गेली आणि हसली नाही. तिने नुसता मटारचा दाणा बाईच्या तोंडात घातला. मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू? मला वाटत होतं, या घरात जळणारी मी एकटी. आणि इतकी वर्षं माझ्या मुठीवर ठेवलेला तो हात त्याच गोष्टीने जळत होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भर सकाळी, दारात ट्रक थांबला. ड्रायव्हरने मागची फळी पाडली आणि ट्रंक उतरवली. एकटी.

फौजेच्या वस्तीत माणूस आपल्या ट्रंकेबरोबर जातो आणि आपल्या ट्रंकेबरोबर येतो. ती एकटी दारात आली, तर त्याचा काय अर्थ होतो ते तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. रांगेतली दारं उघडली आणि कुणी बाहेर आलं नाही. बाईने ड्रायव्हरला विचारलं, "ते कुठायत?"

"मला माहीत नाही, ताई. मला नुसती पोचवायला सांगितलीय." तो खाली बघत बोलला आणि निघून गेला.

लेक धावत आली. तिला कोण आनंद! तिने झाकणावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "बाबा, बाहेर या! बाबा, मी ओळखलं, बाहेर या ना!"

बाईने तिला ओढून घेतलं नाही, रडलीही नाही. ती आत आली, खिडकीचा पडदा काढला, माझ्यापुढे बसली, पडदा दुमडला आणि मूठ फिरवायला लागली. पडदा उसवलेला नव्हता. त्याला शिवायचं काहीच नव्हतं. आणि माझ्या सुईत दोराही नव्हता. मी तिला सांगणार कशी? तिने फिरवलं आणि मी चालत राहिले. कोरी सुई कापडातून आत-बाहेर, आत-बाहेर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेर लेकीच्या थापा चालूच होत्या. जन्मभर मी त्या ट्रंकेच्या नावाने बोटं मोडली, पण त्या सकाळी मला एकच वाटत होतं. यायचं तर त्या दोघांनी बरोबर यावं, ट्रंकेने खुशाल माझ्या जागेवर बसावं.

बँडीण मात्र पायात चप्पल न घालता कचेरीकडे पळाली होती. परत आली ती रस्त्यापासूनच ओरडत. तिचा आवाज ढोलाला मागे टाकणारा आहे हे मी आधी सांगितलंच आहे.

"पाय! अगं, पाय! नुसता पाय मोडलाय मेल्याचा!"

घसरून पडला होता. त्याला दवाखान्यात हलवलं, आणि चौकीवरची माणसं बदलत होती म्हणून कुणीतरी त्याची ट्रंक इकडे येणाऱ्या ट्रकवर चढवून दिली. निरोप मागाहून निघाला. एवढीशी गोष्ट. बाईने मूठ सोडली. मग ती उठली, बाहेर गेली, आणि त्या ट्रंकेला एक सणसणीत लाथ घातली. पायाला लागलं तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. ती लाथ मी अजून मनात जपून ठेवलीय.

वर्दीवाला काठी टेकत आला. लेक त्याला खूप रागे भरली. ट्रंकेचं बाईने त्याला काही सांगितलं नाही. "आली होती आधी" एवढंच म्हणाली. पुढेही बदल्या झाल्या, पडदे उसवले, दुमडले. त्या कोऱ्या ओळीकडे त्याने बघायचं काही कारण नव्हतं.

शेवटी तो निवृत्त झाला. निरोपाचा समारंभ झाला, बँड वाजला, भाषणं झाली. घरी आल्यावर बँडिणीने ते भाषण अंगविक्षेपासकट करून दाखवलं. त्यात त्याचं शौर्य होतं, शिस्त होती, डोंगर होता, मोडलेला पाय होता. आणि शेवटी, खिशातून रुमाल काढता काढता पलटणीचे मोठे साहेब म्हणाले होते, "त्यांच्या सौभाग्यवतींचंही सहकार्य लाभलं." बाई पोट धरून हसली. ते पितळी मानचिन्ह ट्रंकेवर विराजमान झालं. माझ्या बाईच्या हातात चहाचा ट्रे होता. मित्रांनो, तेव्हा मला माझ्यासाठी हेवा वाटला नाही. तिच्यासाठी वाटला, आणि तो जास्त झोंबतो.

मग हे घर आलं. लहानसं, पण स्वतःचं. खिडक्याही बुटक्या. बाईने नेहमीसारखे पडदे उसवले, माप घेतलं आणि खालचा हातभर कापडाचा पट्टा दुमडायला घेतला. वर्दीवाला, आता वर्दी नसलेला, दारात उभा राहून बघत होता.

"अगं, दुमडतेस कशाला? काप की आता. आता कुठं जायचंय आपल्याला?"

ती थांबली. कात्री हातात घेतली आणि तशीच बसून राहिली. "मला जमत नाहीये हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं कापला नाही." तो खाली बसला, मोडका पाय लांब करून, आणि त्याने पडद्याचं दुसरं टोक ताणून धरलं. मग कात्री चालली. त्या पडद्यावर कात्रीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

कापलेली पट्टी त्याच्या हातात आली. त्याने ती खिडकीकडे धरली आणि भोकांतून उजेड आला. तो बोट फिरवत घरं ओळखायला लागला. "हे पहिलं. हे नदीजवळचं. ही ती एक खोली, मी नव्हतो ती." मग त्याचं बोट अडलं. "आणि ही? इथं तर दोऱ्याची खूणच नाही. ही कुठल्या घराची?"

"ती घराची नाही," बाई म्हणाली. "तुमची ट्रंक एकटी आली होती ना, त्या सकाळची आहे. दोरा ओवायचं सुचलं नव्हतं."

तो उठून ट्रंकेकडे गेला, मानचिन्ह बाजूला केलं आणि झाकण उघडलं, पट्टी आत ठेवायला. हेही तिलाच? पण बाईने त्याच्या हातातून पट्टी काढून घेतली.

"तिथं नको. तिथं तुमचं आहे. हे माझं आहे, हे हिच्याकडे राहील." आणि घडी घालून तिने ती माझ्या लाकडी पेटीत, तळाशी ठेवली.

तो माझ्यासमोर येऊन बसला. मला धूड म्हणणारा तो माणूस. त्याने माझी मूठ धरली आणि म्हणाला, "तू कापड धर. मी फिरवतो."

हातमशीनवर बाई एका हाताने मूठ फिरवते आणि उरलेल्या एकाच हाताने कापड सांभाळते. माझ्या बाईने सारा संसार तसाच शिवला होता. त्या दिवशी तिचे दोन्ही हात पहिल्यांदा मोकळे झाले. ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिने ते कापडावर ठेवले. तो फार भरभर फिरवत होता आणि टीप वाकडी आली. तिने ती उसवली नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कुणाच्या घरी भिंतीशी मानचिन्ह दिसलं तर त्याला जरूर हात जोडा. पण मग शेजारच्या खिडकीपाशी जा आणि पडद्याची खालची कड उलटून बघा. आणि ज्या हाताने ती कड दुमडली, तो हात एकटाच मूठ फिरवत असेल तर तुम्ही जाऊन समोर बसा आणि मूठ धरा. मला आठवणीने थोडं तेल घाला. ट्रंकेला नाही घातलंत तरी चालेल.